मोटारसायकलस्वाराचे बूट

मोटारसायकलस्वाराचे बूट : मोटारसायकल चालविताना पाऊल, घोटा व नडगी यांचे आघात, घर्षण, उष्णता, थंडी आणि पाणी यांपासून रक्षण व्हावे म्हणून वापरावयाची, घोट्याच्या वर किंवा गुडघ्याच्या खालपर्यंत पोहोचणारी पादत्राणे. पायी चालणाऱ्याच्या किंवा घोडेस्वाराच्या बुटांपासून ती निर्माण झाली असली, तरी त्यांच्याकडून ज्या अपेक्षा केल्या जातात त्या परस्परविरोधी असल्यामुळे त्यांचा विकास स्वतंत्र वाटेने झाला. बूट मजबूत हवा, पण गिअर व ब्रेक यांच्या तरफा तळपायाला जाणवाव्यात इतका लवचिकही हवा. त्यात बाहेरचे पाणी शिरता कामा नये, पण आतला घाम बाहेर पडावा. तो अपघातात पायातून निसटू नये, पण जखमी माणसाच्या पायातून काढता यावा. या विरोधांचा मेळ घालण्याचा सु. दीडशे वर्षांचा प्रयत्न हाच या पादत्राणांचा इतिहास होय.

पावसात चालणाऱ्या माणसाच्या पायावर पाणी वरून पडते. मोटारसायकलस्वाराच्या पायावर ते समोरून आदळते. पुढचे चाक रस्त्यावरील पाणी उडविते आणि वाहनाच्या वेगामुळे निर्माण होणारा वारा ते शिवणीतून, नाड्यांच्या छिद्रांतून व जिभेच्या कडांतून आत ढकलतो. शिवाय अंगावरील पाणी विजारीवरून ओघळून बुटाच्या तोंडात उतरते. पाय पायटेकूवर जवळजवळ स्थिर असल्यामुळे हालचालीने उत्पन्न होणारी ऊब त्याला मिळत नाही. ओला पाय वाऱ्याने लवकर गारठतो व बधिर झालेल्या पायाला तरफेचा स्पर्श नीट कळत नाही. म्हणून जलाभेद्यता ही येथे केवळ सोयीची बाब नसून सुरक्षिततेचीही बाब ठरते.

पूर्वेतिहास : शिवलेल्या पादत्राणात पाणी शिरू न देण्याची कला अतिप्राचीन आहे. उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट स्त्रिया सीलच्या कातड्याचे बूट शिवताना सुई कातड्याच्या पूर्ण जाडीतून आरपार जाऊ देत नसत. धागा म्हणून त्या प्राण्यांच्या स्नायुबंधांचे तंतू वापरीत. हे तंतू ओले झाल्यावर फुगतात व टाक्याचे छिद्र बुजवितात. शिवण हीच पाण्याची मुख्य वाट असते, हे या कारागिरीमागील तत्त्व आधुनिक कारखान्यांनाही पुढे वेगळ्या साधनांनी अंमलात आणावे लागले.

यूरोपात सतराव्या शतकात घोडदळातील स्वार मेण किंवा डांबर यांचे संस्कार करून कठीण केलेल्या जाड कातड्याचे उंच बूट वापरीत. गाडीच्या घोड्यावर बसून गाडी हाकणाऱ्या स्वाराचा पाय घोडा व गाडीचा दांडा यांमध्ये चेंगरू नये म्हणून फ्रान्समध्ये असेच अवजड बूट वापरले जात. वाहनाच्या यांत्रिक भागापासून पायाचे रक्षण करणाऱ्या पादत्राणांचे हे एक जुने उदाहरण मानता येईल. रिकिबीत पाय पुढे सरकू नये म्हणून घोडेस्वाराच्या बुटाला स्पष्ट टाच असे. मोटारसायकलच्या पायटेकूवर पाऊल स्थिर ठेवण्यासाठी तीच टाच पुढे उपयोगी पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ड्यूक ऑफ वेलिंग्टन (आर्थर वेलस्ली) याने लंडनमधील हॉबी या चर्मकाराकडून प्रचलित हेसियन बुटात बदल करवून घेतले. त्यावरील गोंडे काढून टाकण्यात आले व विजारीखाली घालता येईल असा घट्ट, वासराच्या मऊ कातड्याचा बूट तयार झाला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यातील आसई येथे मराठ्यांविरुद्ध लढलेला सेनानी तो हाच. त्याच्या नावाने ओळखला जाणारा बूट मुळात चामडी होता. रबराच्या उंच बुटाला ते नाव मागाहून चिकटले.

रबर व व्हल्कनीकरण : दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याचे मूळ रहिवासी हेव्हिया वृक्षाच्या चिकात साचा बुडवून व तो धुरावर धरून एकसंध, बिनशिवणीचे जोडे बनवीत. १८२० नंतरच्या दशकात असे जोडे बॉस्टनच्या बाजारात येऊ लागले. ते पाण्यास पूर्णपणे दाद देत नसत, परंतु थंडीत दगडासारखे कडक व उन्हाळ्यात चिकट होत. चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ मध्ये कापडाच्या दोन थरांमध्ये रबराचा द्राव घालून जलाभेद्य कापड बनविण्याचे एकस्व घेतले. मात्र तापमानाबरोबर बदलण्याचा रबराचा दोष त्यातही राहिला.

हा दोष व्हल्कनीकरणाने दूर झाला. गंधकाबरोबर तापविल्यास रबर थंडी व उष्णता या दोहोंतही लवचिक राहते, हे चार्ल्स गुडइयर याला १८३९ मध्ये आढळले. त्याला १८४४ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक याने १८४३ मध्येच त्यासाठी अर्ज केला होता. गुडइयरच्या एकस्वाच्या आधारे पादत्राणे बनविण्याचा हक्क मिळवून हायरम हचिन्सन या अमेरिकन उद्योजकाने १८५३ मध्ये फ्रान्समध्ये कारखाना काढला. १८५६ मध्ये एडिंबरो येथे नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी स्थापन झाली. शेतकरी, कोळी व खाणकामगार यांच्या हाती यामुळे प्रथमच स्वस्त व खात्रीने कोरडा ठेवणारा बूट आला.

रबरी बुटाचा दोष त्याच्या गुणातच होता. जे पाणी आत येऊ देत नाही, ते बाहेरही जाऊ देत नाही. माणसाच्या दोन्ही पायांत मिळून सु. अडीच लाख घर्मग्रंथी असतात. बंद रबरी बुटात घामाचे बाष्प थंड भिंतीवर साकळते व मोजे ओले होतात. पावसात न भिजताही पाय ओला राहतो. मोटारसायकलच्या बाबतीत आणखी दोन दोष होते : सैल बूट पडझडीत सहज निसटतो आणि तापलेल्या धूरनळीला तो टेकल्यास वितळतो [⟶ रबर].

कमावलेले कातडे व शिवण : चामडी बुटाला पाण्यास तोंड देण्याजोगे करण्याचे प्रयत्न याच काळात चालू होते. सालीने कमावलेल्या कातड्यात चरबी, तेल व मेण मुरविले असता त्याच्या तंतूंमधील पोकळ्या भरतात व पाणी सावकाश शिरते. हा संस्कार वारंवार करावा लागतो व अतिरेक झाल्यास कातडे सैल पडते आणि त्यातून बाष्पही जाईनासे होते. ऑगस्टस शुल्ट्‌झ याने १८८४ मध्ये आणि मार्टिन डेनिस याने १८९३ मध्ये क्रोमियम लवणांनी कातडे कमावण्याच्या पद्धतींची एकस्वे घेतली. क्रोम कातडे लवकर तयार होते, उष्णतेत कमी आक्रसते व ओले होऊन वाळल्यावर मऊ राहते. बुटाच्या वरच्या भागासाठी ते सर्वत्र रूढ झाले.

तळ व वरचा भाग यांचा सांधा हे दुसरे नाजूक ठिकाण होय. चार्ल्स गुडइयर याच्या त्याच नावाच्या पुत्राच्या पुढाकाराने १८७० नंतरच्या दशकात वेल्ट पद्धतीची शिलाई यंत्राने होऊ लागली. या पद्धतीत वरचे कातडे प्रथम एका चामडी पट्टीला व नंतर ती पट्टी तळाला शिवली जाते. त्यामुळे तळाचे टाके पायाच्या आतील पोकळीत उघडत नाहीत आणि झिजलेला तळ बदलताही येतो. बुटाची जीभ दोन्ही बाजूंना घडीच्या कातड्याने जोडून टाकण्याची युक्तीही पाणी रोखण्यासाठी उपयुक्त ठरली. नाड्यांच्या फटीतून आलेले पाणी त्या घडीतच अडते.

मोटारसायकलचा उदय : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीत पेट्रोलवर चालणारी लाकडी सांगाड्याची दुचाकी बनविली. हिल्डेब्रांट व व्होल्फम्यूलर यांची १८९४ मधील मोटारसायकल ही विक्रीसाठी संख्येने निर्माण झालेली पहिली मोटारसायकल समजली जाते. आरंभीच्या स्वारांजवळ या वाहनासाठी खास पोशाख नव्हता. घोडेस्वाराचे उंच बूट, किंवा आखूड बूट व त्यावर नडगीला गुंडाळलेली चामडी पट्टी, हीच त्यांची साधने होती.

वाहनातील सुधारणांबरोबर पायावरील काम वाढत गेले. इंग्लंडमधील आल्फ्रेड अँगस स्कॉट याने १९०८ च्या सुमारास पायाने लाथ मारून एंजिन चालू करण्याची योजना आणली. एंजिन उलटे फिरल्यास ही तरफ घोट्यावर किंवा नडगीवर जोराने आदळे. गिअर बदलण्याची तरफ दीर्घ काळ हातापाशी होती. व्हेलोसेट कंपनीतील हॅरल्ड विलिस याने १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक दाबास एकच गिअर बदलणारी पायाची तरफ यशस्वी केली व ती हळूहळू सर्वमान्य झाली. तेव्हापासून बुटाच्या चवड्यावर तरफेच्या घर्षणाने कातडे झिजू लागले आणि त्या जागी जादा ठिगळ शिवणे आवश्यक झाले. ब्रिटिश मोटारसायकलींची तरफ बहुधा उजवीकडे असे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नियमामुळे १९७४ नंतर ती डावीकडे ठेवणे प्रमाण ठरले. भारतातील बुलेट मोटारसायकलवर मात्र ती एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत उजवीकडे राहिली व तिच्या जुन्या स्वारांचा उजवा बूट आधी झिजे.

महायुद्धांचा काळ : पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ओल्या पायाचे परिणाम फार मोठ्या प्रमाणावर दिसून आले. चिखलपाण्याने भरलेल्या खंदकांत तासन्‌तास उभे राहिल्यामुळे पायाचा रक्तपुरवठा मंदावे, कातडी सुजून बधिर होई व काही रुग्णांत ऊतक मरून पाय कापावा लागे. या विकारास खंदकपाद असे नाव पडले. १९१४-१५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातील सु. २०,००० सैनिकांवर यासाठी उपचार करावे लागले. हा विकार होण्यास गोठणबिंदूखालील तापमान लागत नाही. ओलावा, गारठा व अवळलेला बूट एवढी कारणे पुरतात. मोजे बदलणे, पाय कोरडे करून त्यांस तेल लावणे व अधिकाऱ्यांनी सैनिकांचे पाय तपासणे हे उपाय सक्तीचे करण्यात आले. नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने या युद्धात सु. १२ लाख जोड रबरी बूट पुरविले. युद्ध संपल्यावर हे बूट नागरी जीवनात रुळले.

याच युद्धात निरोप्यांचे काम मोटारसायकलस्वारांकडे आले. ट्रायम्फ व डग्लस या मोटारसायकलींवरून ते फ्रान्समधील खराब रस्त्यांवर रात्रंदिवस ये-जा करीत. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) त्यांच्यासाठी गुडघ्याखालपर्यंत येणारे, वर बक्कल असलेले खास चामडी बूट ब्रिटिश सेनेने काढले. अपघातांच्या अभ्यासावरून ह्यू केर्न्स या शस्त्रक्रियातज्ञाने १९४१ मध्ये शिरस्त्राणाचे महत्त्व दाखवून दिले व त्याच वर्षी सैनिकी स्वारांना ते सक्तीचे झाले. डोक्याची जखम जीव घेते, पायाची बहुधा घेत नाही. म्हणून शिरस्त्राणाचा शास्त्रीय अभ्यास आधी झाला व बुटाचा पुढे कित्येक दशके रेंगाळला, हे समजण्याजोगे आहे. तथापि पायाच्या जखमेमुळे कायमचे अपंगत्व येऊ शकते, या वस्तुस्थितीकडे त्यामुळे दुर्लक्ष झाले.

अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कामगारांसाठी नाडी नसलेला, घोट्यावर व वरच्या कडेस एकेक बक्कल असलेला ‘एंजिनिअर बूट’ निघाला. नाडी नसल्यामुळे ती फिरत्या भागात अडकण्याचा धोका नव्हता. मोटारसायकलस्वारांनी तो स्वीकारला आणि १९५३ च्या द वाइल्ड वन या चित्रपटानंतर तो त्यांच्या पोशाखाची खूणच बनला. दिसण्यात भक्कम असला, तरी घोट्याभोवती तो सैल असे व पाण्यापासून फारसे रक्षण करीत नसे.

इटलीतील उद्योग : आधुनिक मोटारसायकल-बुटाची घडण मुख्यत्वे ईशान्य इटलीतील मोंतेबेल्लूना परिसरात झाली. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या या भागात गिर्यारोहण व बर्फावरील घसरखेळ यांचे बूट बनविण्याची परंपरा होती. मासेर येथील सीदी (१९६०) व गाएर्ने (१९६२) आणि आझोलो येथील आल्पाइनस्टार्स (१९६३) या संस्था त्या परंपरेतूनच उदयास आल्या. बर्फावरील बुटातील घोटा आवळून धरण्याची योजना, धातूची बक्कले व नडगीवरील कठीण पत्रे यांचा उपयोग त्यांनी खडबडीत मैदानावरील मोटारसायकल शर्यतींच्या बुटांत केला. गिर्यारोहकांच्या बुटांचा रबरी नक्षीदार तळही असाच आला. १९३५ मध्ये सहा सहकारी आल्प्समध्ये अपुऱ्या पादत्राणांमुळे दगावल्यानंतर विताले ब्रामानी याने तो तयार केला व १९३७ मध्ये त्याचे एकस्व घेतले. पुढे तेल व पेट्रोल यांनी न फुगणाऱ्या संश्लेषित रबराचे तळ प्रचारात आले.

सच्छिद्र पटल : पाणी अडविणे व बाष्प सोडणे या विरोधावर तोडगा रसायनशास्त्राने काढला. १९६९ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट गोर याने पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन हे बहुवारिक तापवून झटक्याने ताणले असता ते फाटण्याऐवजी असंख्य सूक्ष्म छिद्रांचे पटल बनते, असे दाखविले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा अनेक हजार पटींनी लहान, परंतु बाष्पाच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात. ‘गोअर-टेक्स’ या नावाने हे पटल १९७६ मध्ये कपड्यांत व त्या दशकाच्या अखेरीस बुटांत आले. १९८६ मध्ये जर्मनीत ‘सिम्पाटेक्स’ हे छिद्ररहित पटल निघाले. त्यात बाष्पाचे रेणू बहुवारिकातील जलस्नेही भागांतून एकीकडून दुसरीकडे सरकतात.

बुटात हे पटल मोज्याच्या आकाराच्या अस्तरात बसविलेले असते व त्याच्या शिवणींवर चिकट पट्टी उष्णतेने दाबून बसवितात. इन्युइट शिवणकामातील जुन्याच प्रश्नाचे हे नवे उत्तर होय. या योजनेच्या मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. बाष्प बाहेर जाण्यासाठी आत-बाहेर बाष्पदाबाचा फरक लागतो. कोकणातील आषाढासारख्या उष्ण व संतृप्त हवेत हा फरक अल्प असल्यामुळे पटल असूनही पाय घामाने ओलसर राहतो. बाहेरचे कातडे पाणी पिऊन जड झाले, तर पटलाची बाह्य बाजू झाकली जाते व घाम आत कोंडतो. पटल दुमडून किंवा खड्याने फाटल्यास बूट दुरुस्त करणे कठीण असते. ओढा ओलांडताना पाणी बुटाच्या तोंडातून आत आल्यास जलाभेद्य बूट ते धरून ठेवतो व साधा चामडी बूट त्याहून लवकर निथळतो. पटलांच्या व जलरोधक लेपांच्या निर्मितीत वापरण्यात येणारी काही फ्ल्युओरीनयुक्त रसायने निसर्गात दीर्घ काळ टिकून राहतात. त्यांपैकी परफ्ल्युओरो-ऑक्टॅनोइक अम्लाचा २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत समावेश झाला व २०२२ पासून गोर कंपनीने पॉलिएथिलिनाचे नवे पटल बाजारात आणले.

अपघातांचा अभ्यास व मानके : हॅरी हर्ट व त्याचे सहकारी यांनी लॉस अँजेल्स परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात जड बूट, जाकीट व हातमोजे यांमुळे खरचटणे व कापणे या जखमा टळतात किंवा सौम्य होतात, असा निष्कर्ष आहे. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशातील २१२ अपघातग्रस्त स्वारांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाच्या किंवा साध्या बुटांच्या तुलनेने घोटा झाकणारे कोणतेही मजबूत बूट घातलेल्या स्वारांत पाऊल व घोटा यांच्या जखमांचा धोका सु. निम्मा आढळला. हे बूट मोटारसायकलसाठी खास बनविलेले नव्हते, ही बाब अल्प उत्पन्नाच्या देशांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

यूरोपीय समुदायाच्या १९८९ च्या निर्देशाने वैयक्तिक संरक्षक साधनांना समान कसोट्या लागू झाल्या व मोटारसायकल-बुटांसाठी ‘ईएन १३६३४’ हे मानक २००२ मध्ये आले. २०१७ च्या आवृत्तीनुसार बुटाची उंची, घर्षणविरोध, धारेच्या आघातास विरोध आणि तळाचा आडवा ताठपणा या चार बाबींना प्रत्येकी १ किंवा २ असा दर्जा देतात. तळ आडव्या दिशेने दाबून पाहण्याची कसोटी पाऊल वाहनाखाली सापडण्याच्या प्रसंगासाठी आहे. पाण्यास विरोध, घोट्याचे व नडगीचे आघातरक्षण यांच्या कसोट्या ऐच्छिक असून त्या उतरल्यास वेगळी अक्षरे उमटवितात. बूट जलाभेद्य असणे व संरक्षक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या रचनेवरून स्पष्ट होते.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रात चर्मकलेची परंपरा जुनी आहे. तरवड व बाभूळ यांची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याच्या मोटा व पखाली पाणी वाहून नेण्यास वापरल्या जात. पाणी धरून ठेवणारे कातडे शिवण्याचे कसब येथे होते, परंतु पाय बंद करणारे पादत्राण रूढ झाले नाही. याचे कारण हवामानात आहे. उष्ण पावसाळी प्रदेशात उघडी वहाण पायी चालणाऱ्याला सोयीची असते, कारण पाय भिजतो तसा लवकर वाळतोही. कोल्हापुरी चपलेचे कातडे पाण्याने फुगत असल्यामुळे ती पावसाळ्यात ठेवून देऊन प्लॅस्टिकच्या चपला वापरण्याचा प्रघात पडला. चिखलात काम करणारे शेतकरी व नगरपालिकांचे सफाई कामगार यांच्यासाठी गमबूट आले.

बुटांचा कारखानदारी उद्योग मुख्यतः सैन्याच्या गरजेतून वाढला. कानपूर हे त्याचे प्रमुख केंद्र होय. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आल्फ्रेड चॅटर्टन याने मद्रास येथे क्रोम पद्धतीचा प्रसार केला. बाटा कंपनीने १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर वसविले. चामड्यावरील संशोधनासाठी मद्रास येथे १९४८ मध्ये केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली [⟶ चर्मोद्योग].

मोटारसायकलींचे उत्पादन स्वातंत्र्योत्तर काळात सुरू झाले. सैन्याच्या मागणीमुळे मद्रास येथे १९५५ पासून बुलेटची जुळणी होऊ लागली. म्हैसूर येथील जावा व एस्कॉर्ट्‌सची राजदूत ही वाहने १९६० नंतर निघाली. महाराष्ट्रात पुण्याजवळील आकुर्डी हे दुचाकींचे मोठे केंद्र बनले. आरंभी स्कूटरला विशेष मागणी होती. तिच्या पुढील पत्र्यामुळे पाय चिखलापासून व काही अंशी पावसापासून वाचत, म्हणून कचेरीत जाणारा माणूस साधे बूट वा चपला घालून ती चालवू शके. १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने बनलेल्या कमी इंधन लागणाऱ्या मोटारसायकली आल्या व स्कूटर मागे पडली. वाहन बदलले, परंतु पादत्राण तेच राहिले.

याचे परिणाम आकडेवारीतून काही अंशी कळतात. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या व त्यांपैकी ४४·५ टक्के दुचाकीवरील होत्या. पाय गमावलेल्यांची अशी ठळक गणना वाचकांसमोर येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये शिरस्त्राण सक्तीचे आहे. पादत्राणांविषयी अशी सक्ती त्यात नाही. मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी मात्र पायटेकू व मागील चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारी जाळी केंद्रीय नियमांनी आवश्यक केली आहे. आऱ्यांत पाऊल किंवा साडीचा पदर अडकून होणाऱ्या अपघातांचा विचार त्यामागे आहे.

पावसाळ्यात आणखी एक धोका संभवतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला व त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ उद्‌भवली. उंदीर व अन्य प्राणी यांच्या मूत्रातून पाण्यात आलेले हे जंतू पायावरील साध्या खरचटीतूनही शरीरात शिरतात. तुंबलेल्या पाण्यात दुचाकी थांबवून पाय टेकवावा लागणाऱ्या स्वाराला चपलेपासून कोणतेही रक्षण मिळत नाही.

एकविसाव्या शतकात लांबच्या प्रवासाची हौस वाढली. मनाली–लेह मार्गावरील बर्फ वितळून आलेले ओढे ओलांडताना महाराष्ट्रातून गेलेल्या स्वारांनाही जलाभेद्य बुटांची गरज जाणवू लागली. परदेशी बुटांबरोबर भारतीय बनावटीचे बूटही मिळू लागले. तथापि रोजच्या कामासाठी दुचाकी वापरणाऱ्या बहुसंख्यांना त्यांची किंमत परवडण्याजोगी नाही.

निवड : वरील इतिहासावरून बुटाच्या निवडीचे काही निकष निघतात. बूट दोन्ही घोट्यांची हाडे पूर्ण झाकणारा असावा. टाच व चवडा हातांनी दाबल्यास दबू नयेत व तळ आडवा पिळल्यास सहज वळू नये. दिवसभराच्या कामाने पाऊल किंचित फुगत असल्यामुळे बूट संध्याकाळी, वापरावयाचे मोजे घालून पाहावा. बोटांपुढे थोडी मोकळी जागा असावी, मात्र टाच वर उचलली जाऊ नये. उभे राहून नीट बसणारा बूट वाहनावर गुडघा वाकविल्यावर नडगीला टोचू शकतो, म्हणून बसून पाहणे आवश्यक असते. चवड्याची उंची तरफेखाली सहज मावेल इतकीच असावी. नाड्या असल्यास त्यांची टोके झाकली जावीत. झिप असल्यास तिच्यामागे पाणी अडविणारी घडी असावी.

पावसाळी विजार बुटाच्या बाहेरून घालावी, अन्यथा सर्वोत्तम बूटही वरून भरतो. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, त्यामुळे लोकरीचे किंवा संश्लेषित धाग्याचे मोजे अधिक सोयीचे असतात. ओला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळविल्यास कातडे तडकते व तळाचा चिकटा सुटतो. त्यात कागद भरून, तो मधूनमधून बदलून सावलीत वाळविणे योग्य होय. खास बूट घेणे शक्य नसेल, तर घोटा झाकणारा जाड चामडी कामगारबूट व त्यावर पावसात घालावयाचे जलरोधक आवरण हा स्वस्त पर्याय उपलब्ध असतो. आवरणाचा तळ मात्र घसरणारा नसावा, कारण वाहन थांबताच स्वाराचा व मागे बसलेल्याचा सर्व भार त्या एका पावलावर येतो.